'असेल' आणि 'असेलही'

रविवारी सकाळी गुरुग्रामहून नातवाचा फोन आला की गाझियाबादच्या वसुंधरातल्या त्या घरात एकच धांदल उडायची. "आजी, आय मे कम फॉर लंच," एवढंच तो म्हणायचा. आजी फोन ठेवून थेट पुरण शिजत घालायच्या. दोन वाजेपर्यंत वाट पाहायची, अडीचला आजोबांना वाढायचं आणि संध्याकाळी उरलेल्या पोळ्या शेजारच्या पंजाबी भाभींकडे पोहोचवायच्या, हा क्रम ठरूनच गेला होता. "येतो म्हणाला होतास की रे!" आजी पुढच्या फोनवर म्हणायच्या. नातूही तितक्याच प्रामाणिकपणे सांगायचा, "आजी, येतो असं मी म्हणालोच नव्हतो."

दोघंही खरं बोलत होती. तो 'मे' म्हणाला होता, आजींनी 'येतो' ऐकलं होतं.

पुरणपोळ्यांपुरतं हे ठीक होतं. त्यात शेजारणीचं भलंच व्हायचं. पण मे, माइट, कॅन, कुड, शुड, मस्ट हे इंग्रजीतले इवलेसे शब्द कधी कोणत्या कागदावर बसून घरात येतील याचा नेम नसतो. त्या घरात ते आले, तेव्हा पुरणपोळीपेक्षा कितीतरी मोठी गोष्ट पणाला लागलेली होती.

मवाळ शब्दातली ताकीद

सोसायटीत आरोग्य तपासणीचं शिबिर होतं. आजींचं वय तेव्हा त्र्याहत्तर. रक्तदाब, साखर सगळं पाहून झाल्यावर तरुण डॉक्टरीणबाईंच्या हाताला डाव्या स्तनात हरभऱ्याएवढी गाठ लागली. त्या हसून, अगदी हळू आवाजात इंग्रजीत म्हणाल्या, "यू माइट वॉन्ट टू गेट दॅट लुक्ड ॲट."

बरोबर मुलगा होता. घरी आल्यावर त्यानं सांगितलं, "विशेष काही नाही. वाटलं तर कधीतरी दाखवून घ्या म्हणाल्या."

शब्दाला शब्द लावला तर त्यानं काही चुकीचं सांगितलं नव्हतं. 'माइट' म्हणजे कदाचित आणि 'वॉन्ट' म्हणजे वाटणं, एवढं तो शाळेत शिकलेला होता. पण इंग्रजी बोलणारी माणसं 'माइट' आणि 'कुड' हे शब्द नेहमी शक्यता सांगण्यासाठीच वापरतात असं नाही. समोरच्याला हुकूम केल्यासारखं वाटू नये म्हणूनही वापरतात. त्या वाक्याचा सरळ अर्थ होता, "हे दाखवून घ्या." कदाचितपणा गाठीबद्दल नव्हता, तो बोलण्यातल्या अदबीचा होता.

आपल्याकडे हे नाही असं कुणी समजू नये. आजोबा रोज चार वाजता विचारतात, "चहा मिळेल का?" त्यावर आजवर कुणी "मिळण्याची शक्यता आहे" असं उत्तर दिलेलं नाही. मुकाट्यानं आधण ठेवलं जातं. "जरा डोळे तपासून घेतलेत तर बरं" असं वहिनी म्हणाल्या की आपण चष्म्याच्या दुकानाची वाट धरतो. स्वतःच्या भाषेतली अदब कानाला लगेच कळते. दुसऱ्या भाषेतली अदब मात्र आपण शब्दकोशातून ऐकतो आणि तिथेच फसतो.

आजींनी तो विषय मनाआड केला. आधी दिवाळी आली, मग नात्यातलं लग्न, मग उन्हाळा. वर्ष निघून गेलं.

कागदावरचा 'मे'

पुढच्या हिवाळ्यात स्वेटर घालताना आजींचा हात तिथं अडखळला. गाठ आता नक्कीच मोठी लागत होती. यावेळी सूनबाई बरोबर गेल्या. मॅमोग्राफी झाली, सोनोग्राफी झाली. दोन दिवसांनी अहवाल आला, तो मोबाइलवर. तो आधी उघडला आजोबांनी.

अहवालात लिहिलं होतं की ही गाठ कर्करोगाची असू शकेल, तसं नाकारता येत नाही, श्रेणी ४ बी, सुईनं तुकडा काढून तपासावा. मूळ इंग्रजीत क्रियापदाआधी 'मे' होता.

आजोबांनी चष्मा काढून ठेवला तो परत लावलाच नाही. त्या रात्री ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी कपाटातून घराची कागदपत्रं, बँकेची पासबुकं काढली. तिसऱ्या दिवशी सूनबाईंनी तुकडा काढण्याच्या तपासणीची वेळ ठरवल्याचं सांगितलं, तेव्हा ते एकदम म्हणाले, "काही नको. आता तिला सुया टोचून काय मिळवायचं आहे? जे आहे ते आहे. उरलेले दिवस तरी तिला सुखानं काढू दे."

आजीही त्यांच्याच बाजूच्या. "सुई लावली की आजार पसरतो म्हणतात," त्या म्हणाल्या. हा समज चुकीचा आहे, पण भीतीला असा आधार लगेच सापडतो. मुलगा गप्प बसला. मागच्या वर्षी आपण काय निरोप आणला होता ते त्याला आठवत होतं.

ज्या कागदानं 'असू शकेल, तेव्हा तपासा' असं सांगितलं होतं, त्याच कागदाच्या जोरावर तपासायचं नाही असं ते घर ठरवू लागलं होतं.

'मे' आणि 'शॅल' यांच्या गावात

यातली नवलाची गोष्ट अशी, की 'मे' हा शब्द त्या घरात आजोबांइतका कुणालाच ठाऊक नव्हता.

आजोबा मूळचे कऱ्हाडजवळचे. १९६७ साली ते दिल्लीत आले आणि सरकारी नोकरीला लागले. दिल्लीतल्या मराठी माणसांना तेव्हा एका गोष्टीचा मोठा अभिमान होता. यशवंतराव चव्हाण देशाचे गृहमंत्री होते. आणि त्याच वर्षाच्या अखेरीस यशवंतरावांच्या हाती जे विधेयक होतं, त्याच्या मुळाशी हाच 'मे' होता.

घटनेनं केंद्राच्या कामकाजात इंग्रजीला पंधरा वर्षांची मुदत दिली होती. ती २६ जानेवारी १९६५ ला संपत होती. पुढे काय, याचं उत्तर म्हणून १९६३ साली लालबहादूर शास्त्री गृहमंत्री असताना राजभाषा अधिनियम आला. मुदत संपल्यावरही हिंदीच्या जोडीनं इंग्रजीचा वापर चालू राहू शकेल, असं त्यात म्हटलं होतं. 'राहू शकेल', म्हणजे मूळ इंग्रजीत 'मे'. या शब्दावर दक्षिणेतून हरकत आली. आज 'मे' म्हणता, उद्या त्याचाच अर्थ 'मे नॉट' असा लावाल, तेव्हा 'शॅल' लिहा, असा आग्रह होता. इथे दोन्हींचा अर्थ एकच आहे, असं पंडित नेहरूंचं म्हणणं. त्यावर द्रमुकचे अण्णादुराई यांचा सवाल साधा होता. अर्थ एकच असेल तर 'शॅल' लिहायला अडचण कोणती?

'मे' तसाच राहिला. कायद्यावर तारीख पडली १० मे १९६३, हाही एक योगायोगच. पुढच्या वर्षी नेहरू गेले, आणि १९६५ च्या जानेवारीत मुदत संपताच मद्रास राज्यात असा आगडोंब उसळला की त्यात अनेकांचे प्राण गेले. आश्वासन कायद्यात उतरायला १९६७ ची अखेर उजाडली. यशवंतरावांनी मांडलेल्या दुरुस्तीनं काही कामांसाठी तरी 'मे'च्या जागी 'शॅल' आणला. हिंदी न स्वीकारलेल्या राज्यांशी केंद्राचा पत्रव्यवहार इंग्रजीत होईलच. ठराव, सर्वसाधारण आदेश, नियम हिंदी आणि इंग्रजी या दोन्ही भाषांत निघतीलच. आणि ज्या राज्यांनी हिंदी स्वीकारलेली नाही त्या सगळ्यांच्या विधिमंडळांनी तसे ठराव केल्याशिवाय ही व्यवस्था मोडता येणार नाही. ८ जानेवारी १९६८ ला ती दुरुस्ती कायदा झाली.

दोन्ही भाषा सक्तीच्या झाल्यामुळे अनुवादक लागू लागले. आजोबा पुढे अनुवादाच्या कामाला लागले ते असे. त्यांचं घर चाललं, मुलं शिकली, ती त्या एका 'शॅल'च्या जोरावर, असं ते स्वतःच गमतीनं सांगायचे. तीस वर्षं त्यांनी 'मे' दिसला की हिंदीत 'सकेगा' लिहिलं आणि 'शॅल' दिसला की 'करेगा' लिहिलं. एकदाही चूक केली नाही.

त्यांची आणखी एक आवडती गोष्ट होती. त्याच १९६३ साली सर्वोच्च न्यायालयात उत्तर प्रदेशातल्या एका सरकारी नोकराचा खटला गाजला होता. राजपत्रित नोकरानं विनंती केली तर राज्यपाल त्याचं प्रकरण न्यायाधिकरणाकडे सोपवू शकतील, असा नियम होता. त्यातही 'मे'च. सरकार म्हणालं, शकतील म्हणजे आमची मर्जी. निकाल लिहिला साताऱ्याच्या न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी. 'मे'चा अर्थ एरवी 'शॅल' होत नाही, पण संदर्भ तसा असेल तर तो होतो, आणि इथे तो आहे, असं त्यांनी ठरवलं. मर्जीचा अधिकार सरकारला आधीच्याच पोटनियमानं दिलेला होता. मग हा वेगळा पोटनियम नोकराला हक्क देण्यासाठीच असणार, असा तो तर्क होता.

"पाहा," आजोबा म्हणायचे, "'मे'ला 'शॅल' करायचं तर पाच न्यायमूर्ती बसावे लागतात आणि कारण द्यावं लागतं."

"मग 'है' कुठून आलं?"

सूनबाई शाळेत नववी-दहावीला इंग्रजी शिकवतात. शक्यता दाखवणारी ही क्रियापदं मुलांना दरवर्षी शिकवायची असतात. त्या दिवशी शाळेतून आल्यावर त्यांनी चहा केला, आजोबांसमोर ठेवला, मोबाइलवरचा अहवाल मोठा करून शेजारी ठेवला आणि विचारलं, "बाबा, हे वाक्य कार्यालयात आलं असतं, तर तुम्ही हिंदीत काय लिहिलं असतं?"

आजोबांनी नाइलाजानं चष्मा लावला. वाक्य वाचलं. सवयीनं म्हणाले, "हो सकता है."

"मग तीन दिवस या घरात 'है' कुठून आलं?"

आजोबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी उठून जुनी डायरी आणि पेन आणलं.

त्या संध्याकाळी सासरे आणि सून यांनी मिळून त्या डायरीत एक उतरंड मांडली. उदाहरण घेतलं दिल्लीकर मराठी माणसाच्या जिव्हाळ्याचं. जानेवारीचं धुकं आहे, आणि साताऱ्याकडची पाहुणेमंडळी गोवा एक्स्प्रेसनं निजामुद्दीनला यायची आहेत.

बाहेर हाताला हात दिसत नाही, टीव्हीवर सगळ्या गाड्यांचा खोळंबा दाखवताहेत. आपण म्हणतो, "गाडी लेट असणारच." हा इंग्रजीतला 'मस्ट'. डोळ्यांनी पाहिलेलं नाही, पण पुराव्यावरून दुसरा निष्कर्षच निघत नाही. "लेट असेल" हा 'विल'च्या जवळचा, बोलणाऱ्याची जवळजवळ खात्री आहे. "एव्हाना मथुरा सुटायला हवी" हा 'शुड'. सगळं नीट चाललं असेल तर अशी अपेक्षा आहे. "लेट असू शकेल" हा 'मे'. होय म्हणायला जागा आहे, नाही म्हणायलाही आहे. "लेट असेलही" हा 'माइट'. व्याकरणाची पुस्तकं त्याला 'मे'पेक्षा एक पायरी खाली बसवतात, पण बोलताना पुष्कळ इंग्रज माणसं दोघांत फरक करीत नाहीत, आवाज कुठे चढला यावर सगळं असतं. 'कुड' म्हणजे अनेक शक्यतांपैकी ही एक.

आणि 'कॅन'? तो या गाडीबद्दल बोलतच नाही. "धुक्यात गाड्या दहा-दहा तास लेट होऊ शकतात" हे जानेवारीच्या सगळ्या गाड्यांबद्दलचं सर्वसाधारण ज्ञान झालं. आजची गाडी लेट आहे का, हे त्यातून कळत नाही. आपली गफलत इथेच होते, कारण मराठीत 'शकणे' एकटंच ही दोन्ही कामं करतं. शिवाय परवानगीचंही करतं. "तुम्ही आता जाऊ शकता" म्हणजे अंगात ताकद आहे, की शक्यता आहे, की साहेबांनी सुट्टी दिली, हे प्रसंगावरूनच ओळखायचं.

नकार आला की अंतर आणखी वाढतं. 'कान्ट बी' म्हणजे असणं शक्यच नाही. 'मे नॉट बी' म्हणजे नसेलही. पहिला दार बंद करतो, दुसरा ते उघडं ठेवतो.

मागं घडून गेलेल्या गोष्टीत तर जपूनच राहावं लागतं. 'मे हॅव मिस्ड' म्हणजे पाहुण्यांची गाडी चुकली असावी, आपल्याला अजून कळलेलं नाही. 'कुड हॅव मिस्ड' म्हणजे पुष्कळदा, चुकली असती, पण चुकली नाही. 'असावी' आणि 'असती', फरक एवढासाच. शाळेतल्या मराठी व्याकरणात पहिल्याला विध्यर्थ म्हणतात आणि दुसऱ्याला संकेतार्थ. परीक्षेत दोन गुणांपुरतं घोकून आपण ते विसरून जातो.

डायरीचं पान भरलं तेव्हा एक गोष्ट आजोबांच्या लक्षात आली. मराठीत पायऱ्या कमी नाहीत. असणारच, असेल, असावं, असू शकेल, असेलही, असेलच असं नाही. उलट आपल्या क्रियापदाच्या शेपटीतच हे सगळं बसलेलं आहे. दिल्लीत वाढलेली मुलं त्याऐवजी सरसकट "शायद येईन" म्हणून मोकळी होतात, तो भाग वेगळा. पायऱ्या आहेत, पण भीती वाटली की माणूस एकदम वरच्या पायरीवर जातो आणि कंटाळा किंवा संकोच असला की एकदम खालच्या. पहिल्या वर्षी घरानं 'माइट'चं 'नाही' केलं होतं. दुसऱ्या वर्षी 'मे'चं 'आहे' केलं.

शब्दामागचा आकडा

हे शब्द किती सैल असतात, हे ते वापरणाऱ्यांनाही ठाऊक असतं. म्हणून जिथं चूक महागात पडते, तिथं लोकांनी शब्दांना आकडे बांधून ठेवले आहेत.

दिल्लीतच लोदी रोडवर मौसम भवनात हवामान खात्याचं मुख्य कार्यालय आहे. त्याच्या इंग्रजी अंदाजपत्रकात 'लाइकली' म्हणजे २५ ते ५० टक्के शक्यता, 'व्हेरी लाइकली' म्हणजे ५० ते ७५ आणि 'मोस्ट लाइकली' म्हणजे ७५ टक्क्यांच्या वर. हवामान बदलावर अहवाल देणारी संयुक्त राष्ट्रांची समिती मात्र 'लाइकली' तेव्हाच लिहिते, जेव्हा शक्यता ६६ टक्के किंवा जास्त असते. म्हणजे शब्द तोच, वजन वेगळं.

कधी कधी एका शब्दासाठी कायदा बदलावा लागतो. अमेरिकेत १९६५ च्या कायद्यानं सिगारेटच्या पाकिटावर पहिली सूचना आली ती अशी, की धूम्रपान आरोग्याला घातक असू शकेल. 'मे'च. पुरावा साठत गेला, आणि १९७० पासून पाकिटावर धूम्रपान घातक आहे असं छापलं जाऊ लागलं. 'असू शकेल' ते 'आहे' या प्रवासाला पाच वर्षं लागली.

आजींच्या अहवालातल्या 'मे'शेजारीही आकडा होता. तो घरात कुणी वाचलाच नव्हता. स्तनाच्या तपासणीसाठी अमेरिकेतल्या क्ष-किरणतज्ज्ञांच्या संस्थेनं ० ते ६ अशी श्रेणी ठरवून दिली आहे आणि ती आपल्याकडेही वापरली जाते. श्रेणी ३ म्हणजे कर्करोगाची शक्यता २ टक्के किंवा कमी, थोडे महिने थांबून पुन्हा पाहायचं. श्रेणी ५ म्हणजे ९५ टक्के किंवा जास्त. मधली ४ इतकी रुंद आहे की तिचे तीन भाग केले आहेत. ४ ए म्हणजे २ ते १० टक्के, ४ बी म्हणजे १० ते ५०, ४ सी म्हणजे ५० ते ९५.

"४ बी," सूनबाई म्हणाल्या. "म्हणजे अशा शंभर बायकांपैकी निदान पन्नासजणींना काही नसतं, आई. आणि बाकीच्यांत दहाजणी तरी अशा असतात की ज्यांना असतं. तुम्ही कोणत्या, हे या कागदाला ठाऊक नाही. म्हणूनच तो तपासा म्हणतोय."

आजी थोडा वेळ पदराशी चाळा करीत बसल्या. मग म्हणाल्या, "मग हे ठाऊक नसलेलं घेऊन बसण्यापेक्षा सुई बरी."

तपासणीनंतर

सुईची तपासणी पंधरा-वीस मिनिटांत आटोपली. निकाल यायला आठवडा लागला. त्या आठवड्यात घरात कुणी कागदपत्रं काढली नाहीत आणि "काही नसणारच" असंही कुणी म्हटलं नाही. हे दुसरं न म्हणणं जास्त अवघड होतं, असं सूनबाई सांगतात.

निकाल आला. यावेळी वाक्यात 'मे' नव्हता. कर्करोग होता.

पण पहिल्या टप्प्यातला होता. काखेतल्या गाठींपर्यंत पोहोचलेला नव्हता. शस्त्रक्रियेत फक्त गाठ आणि भोवतालचा थोडा भाग काढला, नंतर किरणोपचार झाले आणि पाच वर्षं रोज एक गोळी घ्यायला सांगितली. शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांनी विचारलं होतं, "गाठ केव्हापासून आहे?" मुलगा म्हणाला, "वर्ष झालं." डॉक्टर काही बोलले नाहीत. वर्षापूर्वीच सापडली असती, हा संकेतार्थ त्या खोलीत सगळ्यांना न बोलता कळला. गाठ संथपणे वाढणारी निघाली, म्हणून निभावलं. आणि आजोबांचं त्या तिसऱ्या दिवशीचं ऐकलं असतं तर? त्या वाक्याचा शेवट त्या घरात कुणी करत नाही.

आता घरानं एक सवय लावून घेतली आहे. डॉक्टरांकडून येताना तीन गोष्टी विचारूनच उठायचं. तुम्ही 'असू शकेल' म्हणता ते शंभरात साधारण किती? ते कशानं कळेल? आणि तोपर्यंत आम्ही काय करायचं? डॉक्टर रागावत नाहीत. उलट त्यांनाही बरं वाटतं असा घराचा अनुभव आहे. बोलणं इंग्रजीत झालं तर सूनबाई तिथंच ते मराठीत परत म्हणून दाखवतात आणि "मी बरोबर समजले ना?" असं विचारून घेतात.

शेवटच्या भेटीत डॉक्टर म्हणाले, "शी शुड डू वेल." मुलानं बाहेर येऊन आईला सांगितलं, "सगळं नीट चालेल अशी अपेक्षा आहे." 'चालेलच' असं म्हटलं नाही. आजींनी मान डोलावली. दर वर्षी तपासणी आहे, रोजची गोळी आहे. परत येईलही, न येईलही. त्या 'ही'सकट राहायला आजी शिकल्या आहेत. आता दोन वर्षं झाली. त्यांना डावा हात पूर्ण वर करवतो, जिना चढवतो आणि आजोबांचा चारचा चहा करवतो.

गेल्या जानेवारीतली गोष्ट. गच्चीत ऊन पडलं होतं. आजी मटारची रास पुढ्यात घेऊन बसल्या होत्या. फोन वाजला.

"आजी, आय माइट कम टुडे."

"बरं," आजी म्हणाल्या. "मटार सोलून ठेवते. फोडणीला टाकत नाही. राजीव चौकाला गाडी बदललीस की फोन कर."